पंधरा मिनिटं

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात बिंग नावाची बालवाडी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या एका छोट्या खोलीत चार-पाच वर्षांच्या मुलांना एकेक करून आणलं जाई. खोलीत टेबल, खुर्ची, टेबलावर खाऊ आणि एक घंटी. संशोधक मुलाशी थोडा वेळ खेळे आणि मग सांगे, 'मला जरा बाहेर जायचंय. मी परत येईपर्यंत थांबलास तर तुला दोन मिळतील. नाहीच थांबवलं तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग एकच मिळेल.' दार लागे. एकतर्फी काचेमागून माणसं घड्याळ लावून बघत बसत.

कुणी डोळ्यांवर हात घेई. कुणी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करी, कुणी गाणं गुणगुणे, कुणी आपलेच केस ओढी. एखादं तर वाट पाहता पाहता झोपून जाई. कधी तो खाऊ बिस्किटाचा असे, कधी मार्शमॅलोचा, म्हणजे साखर आणि जिलेटिनच्या पांढऱ्या लुसलुशीत गोळ्याचा. हे दुसरं नाव जगभर गाजलं. 'जे मूल थांबतं ते पुढे यशस्वी होतं' असं वाक्य त्याला चिकटलं आणि पालकसभांपासून व्यवस्थापनाच्या व्याख्यानांपर्यंत सगळीकडे फिरलं.

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात संशोधन पद्धतींचं प्रकरण सुरुवातीलाच असतं आणि बहुतेक विद्यार्थी ते परीक्षेपुरतं वाचतात. चल, नमुना, सहसंबंध, यादृच्छिक वाटणी हे शब्द व्याख्या पाठ करण्यासाठीच असावेत असं वाटतं. पण याच शब्दांमुळे त्या खोलीतल्या पंधरा मिनिटांचा अर्थ पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला. त्या बदलांची गोष्ट कळली तर शब्दांच्या व्याख्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

गोष्टीची सुरुवात स्टॅनफर्डमध्ये होत नाही. ती त्रिनिदादमध्ये होते.

बिंगमधले हे प्रयोग करणाऱ्या वॉल्टर मिशेलचा जन्म १९३० सालचा, व्हिएन्नातला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर कुटुंब देश सोडून निघालं आणि पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेला हा मुलगा मानसशास्त्रज्ञ झाला. १९५०च्या दशकात तो त्रिनिदाद बेटाच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात राहिला होता. तिथे दोन समाज शेजारी शेजारी राहत. एक आफ्रिकी वंशाचा. दुसरा भारतातून ऊसमळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांच्या वंशजांचा. या मजुरांचं पहिलं जहाज १८४५ मध्ये त्रिनिदादला लागलं होतं. दोघांचं एकमेकांविषयीचं मत ठरलेलं होतं. भारतीय म्हणत, ही माणसं आजचा दिवस बघतात, उद्याचं बघत नाहीत. आफ्रिकी वंशाचे म्हणत, हे लोक गादीखाली पैसे साठवतात आणि जगायचं विसरतात.

हे निरीक्षण होतं, पण ऐकीव. शेजाऱ्याविषयी शेजारी जे बोलतो त्यात खरं किती आणि आकस किती, हे गप्पांतून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी आधी ऐकीव गोष्टीचा अभ्युपगम करावा लागतो. अभ्युपगम म्हणजे तपासून पाहता येईल, आणि चुकीचा ठरू शकेल, असा स्पष्ट मांडलेला अंदाज. मिशेलने सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं, एक सेंटची मिठाई आत्ता हवी, की दहा सेंटची पुढच्या आठवड्यात? 'संयम', 'दूरदृष्टी' हे शब्द धूसर आहेत. कुणाला किती संयम आहे यावर घराघरात वाद होतील. पण मुलाने आजची छोटी मिठाई घेतली की आठवड्यानंतरची मोठी, यावर वाद होऊ शकत नाही. धूसर कल्पनेला अशी दिसणारी, मोजता येणारी कृती जोडून देणं याला क्रियात्मक व्याख्या म्हणतात. मानसशास्त्राचं निम्मं कसब इथेच पणाला लागतं, कारण व्याख्या चुकली तर पुढचे सगळे आकडे भलत्याच गोष्टीचे निघतात.

१९५८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही समाजांच्या मुलांत फरक दिसला. तेवढ्यावर थांबलं असतं तर शेजाऱ्यांच्या टोमण्यावर विज्ञानाचा शिक्का बसला असता. मिशेलने घरांची माहितीही घेतली होती. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच घरांत वडील सोबत राहत नव्हते. भारतीय गटात असं घर एकच होतं. आणि मुलाच्या निवडीशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते याच गोष्टीचं. वडील घरात असलेली मुलं मोठ्या मिठाईसाठी थांबायला जास्त तयार होती. ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा नव्हता, पण जी मध्ये घुसून निकालाचा रंग बदलते, तिला बाह्य चल म्हणतात. इथे तो सापडला नसता तर वंशाला दोष लागला असता. मिशेलच्या मनात आणखी एक शंका राहिली. अनोळखी गोरा माणूस 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणतो, आणि ज्या मुलाच्या अनुभवात मोठ्या पुरुषांनी दिलेले शब्द पाळले गेलेच नाहीत, त्याने त्या माणसाची वाट का पाहावी? या शंकेकडे नंतर बरीच वर्षं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

बिंग बालवाडीतला पहिला गाजलेला अभ्यास १९७०चा. मिशेलबरोबर एब्बे एबेसन होता. तिथला प्रश्न कोणतं मूल चांगलं असा नव्हताच. मुलाला थांबायला मदत कशाची होते, हे त्यांना पाहायचं होतं. अंदाज असा होता की खाऊ डोळ्यांसमोर असला की मुलाला पुढे काय मिळणार याची आठवण राहील आणि ते जास्त थांबेल. ३२ मुलं घेतली, चार गट केले. एका गटासमोर थांबल्यावर मिळणारा आणि लगेच मिळणारा असे दोन्ही खाऊ, दोन गटांसमोर एकेक, चौथ्यासमोर काहीच नाही. संशोधक स्वतःच्या हाताने जी गोष्ट बदलतो ती स्वतंत्र चल. इथे खाऊ दिसणं किंवा न दिसणं. तिच्यामुळे जे बदलतं आणि मोजलं जातं ते आश्रित चल. इथे थांबण्याची मिनिटं. कुठलं मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, याला यादृच्छिक वाटणी म्हणतात. हट्टी मुलं, शांत मुलं, नुकतीच जेवून आलेली मुलं सगळ्या गटांत सारखी विखुरली जावीत म्हणून हा खटाटोप. ही वाटणी झाली की मग गटांतल्या फरकाचं कारण म्हणून बदललेल्या गोष्टीकडे बोट दाखवता येतं. याच बळावर प्रयोग इतर पद्धतींपेक्षा वेगळा उभा राहतो.

निकालाने अंदाज उलटा पाडला. काहीच न दिसणारी मुलं सरासरी अकरा मिनिटांहून अधिक थांबली. दोन्ही खाऊ समोर असलेली मुलं जेमतेम एक मिनिट.

संशोधकांना स्वतःचा अंदाज चुकलेला बघावा लागला आणि त्यांनी तो तसाच छापला. हे वाटतं तितकं साधं नाही, कारण मनाचा अभ्यास करणाऱ्यालाही मन असतं आणि ते हवं तेच बघतं. १९०४ मध्ये बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हॅन्स हा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं खूर आपटून देत असे. मालक प्रामाणिक होता. तेरा जणांच्या समितीला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंगस्ट या तरुण संशोधकाने एक गोष्ट बदलली. काही वेळा विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि हॅन्सचं गणित संपलं. बरोबर आकड्यावर खूर पोचलं की उत्तर माहीत असलेल्या माणसाचं डोकं किंचितसं वर होई, त्याच्या नकळत. घोडा ते पाहून थांबत असे. फुंगस्टने हे १९०७ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. आज मानसशास्त्रात, आणि औषधांच्या चाचण्यांतही, शक्य तिथे काळजी घेतली जाते की कोण कोणत्या गटात आहे हे भाग घेणाऱ्यालाही माहीत नसावं आणि मोजणाऱ्यालाही. याला दुहेरी अंध पद्धत म्हणतात.

बिंगमधले प्रयोग पुढे काही वर्षं चालले. मुलांची नावं वह्यांत राहिली, मुलं मोठी झाली.

मिशेलच्या तीन मुली त्याच बालवाडीत शिकल्या होत्या. घरी जेवताना तो त्यांच्या जुन्या सोबत्यांची चौकशी करी आणि ऐकता ऐकता त्याला वाटू लागलं, की खोलीत जास्त थांबलेल्या मुलांचं पुढे बरं चाललं आहे. यातून पाठपुराव्याचा अभ्यास निघाला. त्याच व्यक्तींकडे वर्षांनंतर पुन्हा जाणाऱ्या या पद्धतीला अनुदैर्घ्य अभ्यास म्हणतात. युइची शोदा आणि फिलिप पीक यांच्यासह मिशेलचा लेख १९९० मध्ये आला. खाऊ समोर ठेवलेला आणि मुलाला कसलीही युक्ती न सुचवलेली, अशा प्रकारच्या चाचणीत थांबण्याची मिनिटं आणि महाविद्यालय प्रवेशाच्या एसएटी परीक्षेतले गुण यांच्यात सहसंबंध दिसला. भाषेच्या गुणांशी ०.४२, गणिताच्या गुणांशी ०.५७. सहसंबंधाचा आकडा उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. शून्य म्हणजे दोन गोष्टींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. मानसशास्त्रात ०.५७ हा मोठा आकडा आहे. पण तो ३५ मुलांवरून काढलेला होता आणि ती मुलं एका नामवंत विद्यापीठाच्या बालवाडीतली, त्यांतली बरीचशी तिथल्याच प्राध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या घरची. लेखकांनी लेखातच सावधगिरीचा इशारा दिला होता. वर्तमानपत्रांत आकडा पोचला, इशारा मागे राहिला.

सहसंबंधाचा धोका मराठी मुलखात पावसाळ्यात रोज दिसतो. ज्या महिन्यांत छत्र्या जास्त विकल्या जातात त्याच महिन्यांत रस्त्यांवर खड्डे पडतात. छत्र्यांमुळे खड्डे पडतात असं कुणी म्हणत नाही, कारण दोन्हींच्या मागचा पाऊस सगळ्यांना दिसतो. मुलांच्या आयुष्यात हा पाऊस दिसत नाही. घरची आर्थिक स्थिती, आईचं शिक्षण, घरातली पुस्तकं यांतून थांबणंही येत असेल आणि गुणही येत असतील.

पाठपुराव्यात पालकांकडून प्रश्नावल्याही भरून घेतल्या होत्या. सर्वेक्षण ही स्वस्त आणि झटपट पद्धत, पण तिचा जीव प्रश्नाच्या शब्दांत असतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. फक्त क्रियापद बदललं. 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा' असं विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून जास्त आलं; 'एकमेकींना टेकल्या तेव्हा' असं विचारल्यावर ३१.८. फिती त्याच होत्या. 'तुमचं मूल इतर मुलांच्या मानाने किती समंजस आहे?' हा प्रश्न आई-बाबांना विचारताना शब्दांचं असं वजन किती पडत असेल, याची कल्पना यावरून येते.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी जुना निष्कर्ष नव्याने तपासला. विज्ञानात याला पुनरावृत्ती म्हणतात, आणि ते वेळखाऊ, बिनप्रसिद्धीचं काम असल्यामुळे फार थोडे लोक करतात. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या भागांतल्या ९१८ मुलांची माहिती होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या आईकडे पदवी नव्हती. थांबणं आणि पंधराव्या वर्षीची शाळेतली प्रगती यांत सहसंबंध दिसला, पण मूळच्या साधारण निम्मा. घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणची बौद्धिक तयारी हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून गेला. 'मार्शमॅलो खोटा ठरला' असे मथळे आले, तेही घाईचेच होते. १९७०चा प्रयोग यात खोडला गेला नव्हता; डोळ्यांसमोरून खाऊ हटवला की थांबणं सोपं जातं, हे तसंच राहिलं. ढासळलं ते चार वर्षांच्या मुलाच्या पंधरा मिनिटांवर रचलेलं भविष्य. एका मोजमापाने तेच निकाल पुन्हा पुन्हा दिले तर ते विश्वसनीय. आणि जे मोजतो म्हणतं तेच खरोखर मोजत असेल तर सप्रमाण. वजनाचा काटा रोज एक किलो जास्तच दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. बालवाडीतली ती घंटी नेमकं काय मोजत होती, हा प्रश्न आता सप्रमाणतेचा झाला.

नमुन्याचा प्रश्नही उरला होता. ज्यांच्याविषयी बोलायचं ती सगळी माणसं म्हणजे समष्टी, आणि त्यांतून प्रत्यक्ष अभ्यासलेली मूठभर म्हणजे नमुना. शितावरून भाताची परीक्षा तेव्हाच जमते, जेव्हा भात नीट ढवळलेला असतो. जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेनझायन यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतल्या अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के लोक ज्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, तिथे जगाची जेमतेम १२ टक्के माणसं राहतात. भारतीय विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातलं 'माणूस असा वागतो' हे वाक्य वाचताना हे प्रमाण आठवावं.

कॅमेरूनमधल्या शेतकरी न्सो समाजातल्या आणि जर्मनीतल्या चार वर्षांच्या मुलांवर बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी हीच चाचणी घेतली. जर्मन मुलांपैकी २८ टक्के शेवटपर्यंत थांबली, न्सो मुलांपैकी जवळपास ७० टक्के. न्सो घरांत लहानपणापासून मोठ्यांचा शब्द मानण्याचं वळण असतं. २०२२ मध्ये जपानमधल्या क्योटोतली आणि अमेरिकेतल्या बोल्डरमधली मुलं तपासली तेव्हा चित्र आणखी बारीक झालं. खाऊसाठी जपानी मुलं कितीतरी जास्त थांबली. गुंडाळलेली भेटवस्तू उघडण्यासाठी अमेरिकन मुलं जास्त थांबली. जपानमध्ये सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय खायचं नाही ही सवय घरात आणि शाळेत लागते. अमेरिकेत भेटवस्तू नाताळच्या झाडाखाली दिवसेंदिवस बांधलेल्या राहतात आणि ठरलेल्या दिवशीच उघडल्या जातात. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत आणि श्लोक संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसलेलं मराठी मूल, किंवा नैवेद्य दाखवून होईपर्यंत मोदकाकडे नुसतं बघणारं मूल, या निष्कर्षाने चकित होणार नाही.

आता पुन्हा त्रिनिदादमधल्या त्या शंकेकडे. सेलेस्ट किड ही संशोधक तरुणपणी कॅलिफोर्नियात बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम करत असे. तिथे एका खोलीत अनेक कुटुंबं, आणि मुलाच्या हातातली वस्तू केव्हा दुसरं मूल हिसकावेल याचा नेम नाही. मार्शमॅलोचा अभ्यास वाचल्यावर तिला वाटलं, ही मुलं खाऊ लगेच तोंडात टाकतील, आणि तसं करण्यात त्यांची काही चूक नसेल. सहसंबंध कितीही जमवले तरी हा अंदाज सिद्ध होणार नव्हता. त्यासाठी प्रयोग हवा होता, ज्यात विश्वास हाच स्वतंत्र चल असेल.

रॉचेस्टर विद्यापीठातला हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ मुलं, चौदा-चौदाचे दोन गट. मुलाला एक पेला सजवायला देत आणि त्यासाठी घट्ट झाकणाच्या बरणीतले वापरलेले, तुटके रंगखडू. संशोधक म्हणे, थोडं थांबलास तर मी चांगलं, भरपूर साहित्य आणते. अडीच मिनिटांनी ती परत येई. एका गटात खरंच नवं साहित्य घेऊन. दुसऱ्या गटात रिकाम्या हाताने, 'माझी चूक झाली, आपल्याकडे नाहीच आहे' असं म्हणत. मग चिकटचित्रांच्या बाबतीत तेच पुन्हा. एवढं झाल्यावर टेबलावर मार्शमॅलो आला, नेहमीचं आश्वासन दिलं गेलं आणि दार लागलं.

ज्यांच्या बाबतीत शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांच्या बाबतीत मोडला होता ती तीन मिनिटं. पहिल्या गटातल्या चौदांपैकी नऊ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली.

लहान मुलांना मुद्दाम निराश करावं का, हा प्रश्न इथे येतो आणि तो टाळता कामा नये. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट या टोपणनावाच्या तान्ह्या मुलाला मोठ्या आवाजाच्या साहाय्याने पांढऱ्या उंदराला घाबरायला शिकवलं आणि ती भीती काढून न टाकताच त्याला जाऊ दिलं. तशा वागणुकीला आज परवानगी मिळत नाही. पालकांची माहितीपूर्ण संमती, मधूनच बाहेर पडण्याची मुभा, नैतिकता समितीची मान्यता आणि फसवणूक केलीच तर ती कमीत कमी ठेवून शेवटी तिचा खुलासा, या अटी आता संशोधनाच्या आराखड्यातच असतात. तुटक्या खडूंवर भागवावं लागणं ही निराशा मुलाच्या रोजच्या आयुष्यात येते तेवढीच होती, या हिशेबाने असा प्रयोग या अटींत बसू शकतो.

दुसऱ्या गटातलंही एक मूल पूर्ण पंधरा मिनिटं थांबलं. दोनदा शब्द मोडलेला पाहूनही, एकटं, त्या गोळ्यासमोर. सरासरीच्या तीन मिनिटांत ते मूल दिसत नाही. ते का थांबलं हे समजून घ्यायचं तर त्याच्याशी जमिनीवर बसून बोलावं लागेल, त्याचं घर पाहावं लागेल, त्याच्या आजी-आजोबांना भेटावं लागेल. त्या पद्धतीला व्यक्ती-अभ्यास म्हणतात.